रोल निघाला धुवायला

अर्ध्या देशाची ऑनलाइन खरेदी भिवंडीच्या गोदामांतून सुटते. भिवंडीकराचा ३६ फोटोंचा फिल्म रोल मात्र धुवायला कुरिअरने परगावी. मग लॅब निवडणं आलं. दर, स्कॅनचा आकार, निगेटिव्ह परत मिळणार का, एवढं विचारलं की पुरे. पण हौशी मंडळी ‘रंगांचा आत्मा’ कोण जपतं ते शोधत बसतात. अहो, रंगीत निगेटिव्हची सी-४१ प्रक्रिया सगळीकडे तीच: ३८ अंशांच्या आसपास, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं. आत्म्याला त्यात वेगळी बादली नाही! कोडाक्रोम फिल्मचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरींना २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससलाच धुवून घ्यावा लागला. दुसरी लॅबच उरली नव्हती. सुखी माणूस. इकडे तुलना संपेपर्यंत रोल टेबलावर पडून, आणि निघालाच तर भिवंडीच्या मानकोली नाक्यावर टेम्पोत, मे महिन्याच्या उन्हात, फुकट तापतोय.