गटार आपल्या दारी

गटारीला माणूस गटाराकडे जातो, असं आपल्याकडे गमतीनं म्हणतात. शिकागोत गटार माणसाकडे येतं. येण्याचा हंगामही साधारण तोच, ऐन जुलैचा, आणि वाट ठरलेली: तळघराच्या कोपऱ्यातल्या मोरीची जाळी. आधी आतून गुडगुड ऐकू येते, मग एक ढेकर, मग करडं पाणी. घरमालकानं ही गुडगुड कानाला ओळखीची करून घ्यावी. इस्त्रीचे कपडे आणि लॅपटॉप वर नेण्याइतकाच अवधी त्यानंतर हाती असतो.

पाहुणा कुठून आला, हे आधी समजून घ्यावं. शिकागो शहरात पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून वाहतं. पाऊस धो धो कोसळला की नळ तुडुंब भरतो, पाणी मागं फिरतं आणि ज्या घराचं सगळ्यांत खालचं तोंड उघडं असेल तिथून वर येतं. शेजारच्यांची अंघोळ, कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याची भांडी आणि अख्ख्या रस्त्यावरचा पाऊस यांचं संमेलन भरतं. यजमानपदाची निवड बिनविरोध.

दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न पाणी घोट्याला लागल्यावर पडतोच. उत्तर तयार ठेवावं: एलिस चेसब्रो. 1854 मध्ये पटकीनं शहर हैराण झालं आणि पुढच्याच वर्षी या इंजिनिअरला गटारं बांधायला बोस्टनहून बोलावण्यात आलं. शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी, पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम काही फूट उंच. जमिनीत गटार पुरावं तर उतार मिळेना. चेसब्रोनं नळ रस्त्यावरच टाकले, त्यांवर माती लोटली आणि नवा रस्ता त्या मातीच्या वर बांधला. मग इमारती रस्त्याच्या पातळीला आणण्यासाठी खाली शेकडो स्क्रू-जॅक लावून त्या इंचाइंचानं उचलल्या. ट्रेमाँट हाउस हे विटांचं हॉटेल तर आत पाहुणे मुक्कामाला असताना उचललं गेलं. ज्यांना घर उचलणं परवडलं नाही, त्यांचा पहिला मजला बसल्या जागी तळघर झाला. पिल्सन भागात फुटपाथ वर आणि अंगण खाली अशी घरं आजही दिसतात.

आता प्रत्यक्ष कृती. मोरी उलटी फिरली की मराठी हात पहिल्यांदा बोळ्याकडे जातो. विचार चुकीचा नाही, अवजार कमी पडतं. खालच्या दाबापुढं जुनं धोतर टिकत नाही. शिकागोकर मोरीच्या तोंडात रबरी वायसर लावलेली तीन फुटांची उभी नळी घट्ट बसवतात. पाणी जमिनीवर न पसरता नळीत चढतं, रस्त्याखालच्या गटारातल्या पातळीला भिडतं आणि तिथंच थांबतं. इथं हाव नडते. तीन फुटी नळीनं काम होतं तर सहा फुटी का नको, असं वाटणाऱ्यानं पायाखालच्या काँक्रीटचा विचार करावा. त्याच्या खालीही तेवढाच दाब साठत असतो आणि नळीतून वाट न मिळालेलं पाणी लादीच उचलू शकतं.

अधिक सुखवस्तू उपाय म्हणजे एकेरी झडप. घरातलं पाणी बाहेर जाऊ देते, बाहेरचं आत आलं की मिटते. माहितीपत्रकात न सापडणारी गंमत अशी की मिटलेली असताना ती घरच्यांनाही ओळखत नाही. त्या वेळी वरच्या मजल्यावर कुणी शॉवर सोडला, तर ते पाणी आपल्याच तळघरात येतं: पूर मग शंभर टक्के स्वदेशी. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांना ‘बाहेर पाऊस आहे, म्हणून आज अंघोळ नाही’ हे पटवणं झडप बसवण्यापेक्षा अवघड. त्यांनी 26 जुलै 2005 ला मुंबईत गळ्याएवढ्या पाण्यातून वाट काढलेली असते.

याहून खात्रीचा मार्ग घराचं गटार तळघराच्या छताशी टांगायचा. वरचे मजले आपोआप रिकामे होतात, तळघरातला मैला पंपानं छतापर्यंत चढवून मग सोडायचा. खर्च हजारो डॉलर. पंप विजेवर चालतो आणि वीज जाते ती नेमकी वादळात, म्हणून बॅटरी वेगळी.

हे काहीच केलं नसेल तर निदान पाण्यात उतरू नये. प्लग, हीटर, फ्रीझर भिजलेले असतात आणि वीज बंद करायचा बोर्डही बहुधा पाण्यापलीकडच्या भिंतीवर. वीजकंपनीला किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवावं. पाणी ओसरल्यावर गमबूट, हातमोजे, आणि मुलं वरच्या मजल्यावर. गालिचा, फोमचा सोफा, पुठ्ठ्याची खोकी, भिजलेल्या जिप्समच्या भिंती फेकाव्या लागतात. टणक वस्तू साबणानं धुऊन मग ब्लीचनं पुसाव्यात. ब्लीचमध्ये अमोनियाचा क्लीनर मिसळला तर विषारी वायू तयार होतो. एक-दोन दिवसांत सगळं खडखडीत वाळलं नाही तर बुरशी धरते.

परदेशातल्या मराठी तळघरात आणखी एक अडचण. तिथं मंडळाचे ढोल असतात, नाटकाचे फेटे असतात, तीन गणेशोत्सवांची मखरं असतात. थर्माकोलचं मखर तरंगतं, हा त्यातल्या त्यात दिलासा. फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढावा, विम्यासाठी. मग पॉलिसी उघडावी आणि गटार उलटून झालेलं नुकसान घराच्या साध्या विम्यात सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं जोडपत्र घ्यावं लागतं, ही माहिती ओल्या पायांनी मिळवावी.

शहर स्वस्थ बसलेलं नाही. 1975 पासून त्यानं जमिनीखाली खडकात, काही ठिकाणी तीनशे फुटांपर्यंत खोल, बोगदे खोदले. 109 मैलांचं हे जाळं 2006 मध्ये पुरं झालं. 2015 पासून थॉर्नटनची चुनखडीची जुनी खाणही जलाशय म्हणून कामाला लागली. शहराचं हे सार्वजनिक तळघर. तरी 2 जुलै 2023 ला पश्चिम भागात आणि लगतच्या सिसरो, बर्विनमध्ये काही ठिकाणी आठ इंचांहून जास्त पाऊस पडला आणि घरोघरी मोऱ्या उसळल्या. त्याच दिवशी शहराच्या मध्यभागी नॅस्करच्या मुख्य मालिकेच्या मोटारी शिकागोच्या रस्त्यांवरून पहिल्यांदाच शर्यतीत धावणार होत्या. ती शर्यतही उशिरा सुरू होऊन आखूड झाली. बोगदा केवढाही असो, तिथपर्यंत पोचवणारा गल्लीतला नळ जुनाच आणि बारीकच.

म्हणून शहरानं आणखी एक युक्ती केली आहे. रस्त्याकडेच्या गटारतोंडांना आतून बूच बसवलं, मधोमध लहान भोक ठेवून. पाणी गटारात हळूहळू उतरतं, तोवर रस्त्यावर तळं साचतं. नळावरचा भार कमी होतो आणि तळघर वाचतं. हे ठाऊक नसलेला एखादा कर्तव्यदक्ष शेजारी भर पावसात गमबूट चढवून, सळई घेऊन ते तोंड मोकळं करायला निघतो. त्याला हाताला धरून घरात आणावं, टॉवेल द्यावा, आल्याचा चहा पाजावा. कप मात्र पाऊस थांबेपर्यंत विसळू नयेत.