आधी गेटवर विचारा

डावपेच फसला की ‘परिस्थिती परिपक्व नव्हती’ असा ठराव होतो आणि विषय मिटतो. मुंबईतल्या कम्युनिस्ट चळवळीचा शंभर वर्षांचा हिशेब काढला, तर परिस्थितीपेक्षा नेत्यांचे कानच जास्त वेळा बंद होते असं दिसतं. हे शत्रुत्वाने लिहीत नाही. या शहरातल्या कामगाराला मालकासमोर ताठ उभं राहायला लाल बावट्याने शिकवलं. ते ऋण मानतो, म्हणूनच हिशेब चोख हवा.

१९२८चा गिरणी संप घ्या. एप्रिलमध्ये सुरू झाला, ऑक्टोबरमध्ये मिटला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर. मालकांना कमी माणसांत जास्त काम हवं होतं: दोन माग चालवणाऱ्याने तीन चालवावेत, कताईत एकाने दुप्पट बाजू सांभाळावी. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही मंडळी तरुण होती, पण त्यांनी दोन शहाणपणाची कामं केली. नेमस्त ना. म. जोशींबरोबर ते एकाच संप समितीत बसले. आणि गिरणीगिरणीत कामगारांच्या समित्या उभ्या केल्या. खात्यातली तक्रार जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मर्जी न सांभाळता वर जाऊ लागली. गिरणी कामगार युनियन मे महिन्यात नोंदली गेली तेव्हा सभासद शेकड्यांत मोजावे लागत. वर्ष संपताना ते ५० हजारांवर गेले. एवढी वाढ गेटवर उभं राहिल्यानेच होते.

संप चालू असतानाच मॉस्कोत कॉमिन्टर्नची, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, सहावी काँग्रेस भरली. भांडवलशाहीचे दिवस भरले, आता सुधारणावाद्यांशी तडजोड नाही, असा तिथे निर्णय झाला. इकडे मार्च १९२९ मध्ये सरकारने मीरत खटल्यात ३१ जणांना उचललं. बिनीचे नेते तुरुंगात असताना उरलेल्यांनी एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. कामगाराची मागल्या संपातली उसनवारीही फिटली नव्हती. संप मोडला. वर्षअखेर नागपुरात आयटक ही कामगार संघटनांची मध्यवर्ती संघटना फुटली आणि जोशी बाहेर पडले. १९३० मध्ये कायदेभंगासाठी मुंबई रस्त्यावर उतरली, तेव्हा कम्युनिस्ट काँग्रेसवर तोंडसुख घेत बाजूला राहिले. दोन वर्षांत कमावलेलं सगळं उधळलं गेलं.

पण सगळं खापर मॉस्कोवर फोडून मोकळं होणाऱ्यांनी विणकाम खात्यात डोकावून पाहावं. तिथे मजुरी चांगली होती आणि तिथेच अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचं. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नव्हता. हा मज्जाव मालकापेक्षा शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या कामगारानेच जास्त राखला. डॉ. आंबेडकरांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं. युनियनने मात्र हा प्रश्न कधी लढ्याच्या अग्रभागी आणला नाही. बहुसंख्य सभासद दुखावले असते ना! ही लाइन कुठल्या परदेशातून आली नव्हती, ती परळ-लालबागच्या चाळीतच तयार झाली होती. १९२९च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, तेव्हा त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी धोट्याचं उत्तर द्यायला हवं होतं.

आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र आले की काय होतं, तेही या शहराने पाहिलं. खेर मंत्रिमंडळाने संपाचा हक्क आवळणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. हा मिलाफ टिकवणं हा खरा डावपेच ठरला असता. तो टिकवला नाही, आणि त्याची किंमत महाराष्ट्रातलं डावं राजकारण अजून चुकवतंय.

पुढची चूक सगळ्यांना पाठ आहे. २२ जून १९४१ रोजी हिटलर रशियात घुसला आणि तोवरचं साम्राज्यशाही युद्ध वर्षअखेर पक्षासाठी ‘लोकयुद्ध’ झालं. फॅसिझमला हरवायलाच हवं होतं, यात शंका नाही. पण गवालिया टँकवरून ‘चले जाव’चा पुकारा झाल्यावर गिरणीत जाऊन ‘उत्पादन थांबवू नका’ असं सांगणं म्हणजे आपल्याच माणसांना परकं करणं होतं. तो डाग पुसायला पक्षाला साताऱ्याच्या मातीतला माणूस लागला. पत्री सरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये कम्युनिस्ट म्हणून लोकसभेत गेले. बेचाळीसच्या लढ्यात पक्ष नव्हता. तरी त्या लढ्याचा नायक पक्षात आला. लोक क्षमा करतात. नेत्यांनी त्यावर विसंबू नये.

त्याच लोकयुद्धाच्या काळात ठाणे जिल्ह्यात वेगळंच घडत होतं. स्वतंत्र मजूर पक्षातून कम्युनिस्ट झालेले शामराव परुळेकर आणि गोदावरीबाई वारल्यांच्या पाड्यांवर हिंडत होते. २३ मे १९४५ रोजी झरीला हजारो वारली जमले. वेठ करणार नाही, दिवसाला १२ आण्यांखाली कामाला जाणार नाही, एवढंच ठरलं. क्रांतीचा कोणता टप्पा चालू आहे यावर कुणी भाषण ठोकलं नाही. १२ आणे आणि वेठीला नकार, यावर पिढ्यान् पिढ्यांची गुलामी हलली. त्या भागात लाल बावटा आजही टिकून आहे. डहाणूने २०१९ आणि २०२४ मध्ये मार्क्सवादी आमदार निवडून दिला.

उलट १९४८ बघा. कलकत्त्याच्या अधिवेशनात बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि देश उठावाच्या उंबरठ्यावर असल्याचं जाहीर झालं. ९ मार्च १९४९ रोजी रेल्वे बंद पडणार होती. गाड्या धावल्या. रणदिवे मुंबईच्या कामगार चळवळीत घडलेले, मराठी माणूस. म्हणजे नेता इथला असला की कान उघडे असतात, हाही भ्रमच.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कान पुन्हा उघडले. बेचाळीसमध्ये ज्यांच्याशी उभा दावा होता, त्या एसेम जोशींबरोबर डांगे समितीत बसले. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर यांनी गिरणगाव मैदानात उतरवलं. १९५७ मध्ये डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले, पुढल्या वर्षी मिरजकर महापौर झाले.

अगदी अलीकडचा धडा मार्च २०१८चा. मार्क्सवाद्यांच्या किसान सभेचा मोर्चा नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आला. सकाळी दहावीच्या परीक्षेला निघणाऱ्या पोरांची अडचण नको, म्हणून थकलेले शेतकरी सायनहून रातोरात आझाद मैदानापर्यंत चालले. शहराने त्यांना पाणी दिलं, जेवण दिलं, चपला दिल्या. दुसऱ्या दिवशी सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. ते नीट पाळलं गेलं नाही, म्हणून पुढल्या वर्षी पुन्हा निघावं लागलं, हा दोष सरकारचा. पण मध्यमवर्गाला एका रात्रीत आपल्या बाजूला आणणारा याहून चांगला डावपेच गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याच पक्षाला सुचलेला नाही.

लाल, भगवा, निळा, तिरंगी, बावटा कुठलाही असो. आज युती कुणाशी आणि लढा कशावर, हे सगळेच पक्ष बंद खोलीत ठरवतात आणि कार्यकर्त्याला ते टीव्हीवर कळतं. कॉम्रेडांनी तरी ही वाट धरू नये. यात काय बुडतं, ते त्यांच्याइतकं कुणी अनुभवलेलं नाही. आणि वाचकहो, डावपेचाची किंमत ज्याच्या मजुरीतून जाणार आहे, तो माणूस डाव ठरवताना बैठकीत नसेल, तर त्या डावाला मत देऊ नका, वर्गणी देऊ नका आणि त्यापायी एका दिवसाचा रोजही बुडवू नका.