बिनतारी तारांबळ

बिनतारी उपकरण म्हणजे ज्याला तार नाही असे उपकरण. भारतात त्याच्या मान्यतेचा अभ्यास मात्र तारेपासूनच सुरू करावा लागतो, कारण मूळ कायदा १८८५चा आणि तो तारायंत्रांसाठी केलेला. त्याचे पाठचे भावंड म्हणजे १९३३चा बिनतारी तारायंत्रांचा कायदा. नाव ‘बिनपाण्याची विहीर’ या जातीचे वाटले तरी कायदा कडक आहे. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार असे यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा. विकणे, वापरणे या पुढच्या गोष्टी. पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास अडीचशे. यंत्र नुसते ऐकत नसून पाठवतही असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद. कानात घालायचे ब्लूटूथ इअरबड बोलणाऱ्याचा आवाज पाठवतेही. पुढे सांगितलेली सूट नसती, तर कल्याण लोकलचा एकेक डबा ठाण्याला थांबवून कारागृहात रिकामा करावा लागला असता.

याच व्यवस्थेत घरोघरच्या रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावे लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली. सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तार वारली, पण मयताच्या नावे सातबारा चालावा तसा तारेचा कायदा चालत राहिला. नवा दूरसंचार कायदा डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाला आणि २६ जून २०२४ पासून कलमाकलमाने, हप्त्याहप्त्याने लागू होऊ लागला.

सूट लहरींच्या पट्ट्यांना मिळते. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा, ज्यावर ब्लूटूथ आणि वायफायचा बराचसा संसार चालतो, जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. इथे नवशिका आयातदार सुटकेचा श्वास सोडतो आणि पहिली चूक करतो. परवाना नको याचा अर्थ कागद नको असा होत नाही. उपकरणाला परवाना नको, हे सिद्ध करणारा दाखला लागतो. त्याचे नाव इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, बोलीत ईटीए. तो देणारी शाखा वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग, म्हणजे डब्ल्यूपीसी, स्थापना १९५२. परवानामुक्त पट्ट्यातल्या साध्या उपकरणांसाठी हे काम आता स्वयंघोषणेने होते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडून ‘सरल संचार’ या पोर्टलवर अर्ज भरायचा. ‘सरल’ हे पोर्टलचे नाव आहे, वर्णन नव्हे.

डब्ल्यूपीसीला लहरीशी देणेघेणे. उपकरणाचा शॉक बसतो की नाही, ते पेट घेते की नाही, हे पाहण्याचे काम भारतीय मानक ब्यूरोचे. त्याची सक्तीची नोंदणी २०१२च्या आदेशापासून सुरू झाली आणि यादी वाढत्या कुटुंबासारखी वाढली. आज तीत मोबाइल आहे, चार्जर आहे, पॉवर बँक आहे, बिनतारी हेडफोनही आहे. एकाच खोक्यात फोन, बॅटरी आणि चार्जर असतील तर तिघांची नोंदणी वेगवेगळी, जशी एकत्र कुटुंबात रेशनकार्ड एक असले तरी आधार ज्याचे त्याचे. चाचणी ब्यूरोने मान्य केलेल्या भारतातल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. उत्पादक परदेशी असेल तर त्याला भारतात एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. प्रतिनिधीचे मुख्य काम सही करणे आणि ‘क्वेरी निघाली’ हे वाक्य मालकाला न चिडवता कळवणे. क्वेरी म्हणजे अर्जातली शंका. अहवालात मॉडेलच्या नावात आडवी रेघ आहे आणि अर्जात नाही, एवढ्यावर ती निघू शकते. अशा वेळी रेघेचा खुलासा कंपनीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह द्यायचा असतो.

तिसरे दार दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे, म्हणजे टीईसीचे. जे उपकरण सार्वजनिक जाळ्याला जोडले जाणार, त्याची सक्तीची चाचणी २०१७च्या नियमांनी ठरली आणि प्रत्यक्षात १ ऑक्टोबर २०१९पासून सुरू झाली. पहिल्या टप्प्यात ज्यांना प्रथम तपासायचे ठरले, त्या यादीत मोडेम, कॉर्डलेस फोन, आयएसडीएनची उपकरणे आणि फॅक्स मशीन होते. २०१९ साली फॅक्स मशीन विकणारा माणूस शोधणे हीच एक चाचणी होती. पुढच्या टप्प्यांत राउटरसारखी चालती उपकरणे आली. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ मात्र नंतर या यादीतून वगळले गेले, कारण ती ब्यूरोकडेही होती. एकाच नवरदेवाला दोन मांडवांत उभे करणे शेवटी सरकारलाही अवघड गेले.

मोबाइल फोनची पत्रिका यापुढेही लांब आहे. त्याचा पंधरा आकडी आयएमईआय विक्रीपूर्वी सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. त्याच्या लहरींचा शरीरावर होणारा मारा किलोमागे १.६ वॅटच्या आत हवा. ही मर्यादा सप्टेंबर २०१२पासूनची, आणि *#०७# दाबले की आकडा पडद्यावर दिसतो. संकटात दाबायचे बटण २०१७पासून सक्तीचे. शिवाय फोनला २२ भारतीय भाषांतला मजकूर पडद्यावर दाखवता आला पाहिजे. ‘ळ’च्या जागी चौकोन दिसणारे जुने फोन आठवणाऱ्या मराठी माणसाने तरी या एका नियमाबद्दल तक्रार करू नये.

लहरीचा पट्टाच चुकला तर मात्र कागद कितीही असोत, उपयोग नसतो. गूगलच्या २०१९च्या पिक्सेल ४ या फोनमध्ये हाताच्या खुणा ओळखणारे छोटे रडार होते, ६० गिगाहर्ट्झवर चालणारे. भारतात तो पट्टा खुला नव्हता. फोन भारतात आलाच नाही. ज्यांना तो हवा होता त्यांनी अमेरिकेतल्या भाच्याला फोन केला.

सगळी कागदपत्रे जुळली की माल न्हावाशेवाला उतरतो आणि लेबलाचा अध्याय सुरू होतो. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना, सर्व करांसह किंमत, ग्राहक तक्रारीचा नंबर, मानक ब्यूरोच्या नोंदणीचा आर-नंबर, आणि ई-कचऱ्यासाठी काट मारलेली कचरापेटी. इअरबडच्या डबीवर हे सारे कुठे बसवायचे हा भूमितीचा प्रश्न आहे. उत्तर झाकणाच्या आत सापडते. तिळाएवढ्या अक्षरांत, काळ्यावर करड्या रंगात कोरलेला नंबर उजेडाकडे तिरका धरला तरच दिसतो. कस्टमच्या अधिकाऱ्याकडे भिंग असते. ग्राहकाकडे नसते, आणि त्याने हा नंबर आजवर कधी मागितलेलाही नाही.

त्याच दिवशी स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर तशीच डबी दीडशे रुपयांना मिळते. तिला ना आर-नंबर, ना ईटीए, ना निर्मितीचा महिना. तिचा अधिकृत प्रतिनिधी समोर उभा असतो आणि क्वेरी निघालीच तर ‘घ्यायचं तर घ्या’ असा खुलासा जागच्या जागी करतो. ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकी कुठला पट्टा वापरते हे न सांगता विकली जात होती. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये नोटिसा काढून मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा प्रत्यक्ष जोरात चालतो तो विमानतळावर. डोंगरात वाट चुकल्यास उपग्रहामार्फत मदत मागण्याचे छोटे यंत्र सामानात सापडले म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याहून निघालेल्या परदेशी पर्यटकांना पोलीस ठाणे पाहावे लागले. त्यांनी ते यंत्र लपवले नव्हते. त्यांना १९३३ साल ठाऊक नव्हते, एवढेच.

मान्यता मिळाली की ती मॉडेलला मिळते, कंपनीला नव्हे. ब्यूरोची नोंदणी मुदतीची, तिचे नूतनीकरण करावे लागते. इअरबडच्या बाजारात तेवढ्या काळात जुने मॉडेल जाऊन ‘प्रो’ येते, मग ‘प्रो प्लस’. आतली चिप पुष्कळदा तीच असते. नाव बदलले की प्रतिनिधी पोर्टल उघडतो, नवा अर्ज काढतो आणि मॉडेलच्या नावात आडवी रेघ द्यायची की नाही हे विचारायला कंपनीला मेल टाकतो.