पाठीमागची खिडकी

मे महिन्यात पारा ४० च्या पुढं सरकला की धाराशिव जिल्ह्यात घरोघरी कूलर घुरघुरायला लागतो, आणि पाठोपाठ आतून हुकूम सुटतो, "आधी पाठीमागची खिडकी उघडा रं!" आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर पडायला जागा नसेल तर खोलीचं न्हाणीघर होतं, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही कळतं. त्याच घरातला कॉम्प्युटर मात्र टेबलाच्या कप्प्यात कोंडलेला असतो. पाठ भिंतीला, अंगावर भरतकामाचं कव्हर, वरच्या जाळीवर लाईटबिलांची चळत. तो बंद पडला की निदान ठरलेलं, "व्हायरस आला." तापलेला प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, भर दुपारी गडी लिंबाखाली टेकतो तसा. त्याला आपण आळशी ठरवतो आणि नवा घ्यायच्या गोष्टी करतो.

माझं म्हणणं असं की, त्याला पंखा कमी पडत नाही, वाट कमी पडते. माळवदाच्या जुन्या घरांच्या भिंती हात-दोन हात जाड, पण धूर जायला छतात साणं ठेवलेलं असायचंच. कॅबिनेटचंही तेच: हवा समोरून आत, मागून-वरून बाहेर. यावर हौशी मंडळी म्हणतात, आणखी चार पंखे लावू. लावा, पण पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. खोलीत ४० अंश असताना पेटीत ३५ आणणं त्या चौघांच्या बापाला जमायचं नाही. त्यात चौघंही आतच फुंकत असले तर वारा ग्रामसभेसारखा जागच्या जागी गरगरतो. दुसरा पक्ष झाकण काढून टेबलफॅन लावणाऱ्यांचा. त्यानं तापमान उतरतं, हे कबूल. पण नुसतं झाकण काढल्यावर दहा अंश उतरले, तर मूळ वाटच बुजली होती याचा तो पुरावा झाला. शिवाय सोयाबीनच्या मळणीत उडणारा भुस्सा उघड्या पेटीत हक्कानं मुक्कामाला येतो. म्हणून समोर जाळी, आणि बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा आत येणारी थोडी जास्त, म्हणजे फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. कूलरच कॉम्प्युटरपुढं लावू म्हणणाऱ्यांनी बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग एकदा बादलीच्या बुडाशी बघून घ्यावेत.

पंखा सुलटा आहे का हे ओळखायला इंजिनियर नको. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूनं वारा बाहेर पडतो. तरी शंका राहिली तर खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळद-कुंकू लागतंच. तेव्हाची उदबत्ती जरा समोरच्या जाळीपाशी धरावी. धूर आत ओढला गेला तर ठीक. उलट तोंडावर आला तर देव कोपलेला नाही, चार स्क्रू सोडून पंखा फिरवून बसवायचाय.