पाठवलाय सर!

पन्नाशीच्या उंबरठ्यावर पीएचडीला नोंदणी करणाऱ्या माणसाचा वाचनाशी संबंध येईलच असं नाही. डाउनलोडशी मात्र हमखास येतो. मी सांगलीतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. प्रबंधाचा विषय महिला बचत गट आणि सूक्ष्म वित्त. या विषयावर जगभरच्या विद्वानांनी इतकं लिहून ठेवलंय की, कर्ज घेणाऱ्या बायकांनाही एवढे कागद भरावे लागले नसतील. संगणकावर वाचून डोळे चुरचुरायला लागले तेव्हा मुलगा म्हणाला, ‘बाबा, ई-इंकवालं यंत्र घ्या. अगदी कागदासारखं दिसतं.’ त्या किमतीत खरा कागद किती रिम येतो, ते मी मनातल्या मनात मोजलं आणि यंत्र घेतलं.

घरात त्याला पहिल्या दिवसापासून ‘पाटी’ म्हणतात. या पाटीचं अंतरंग मोठं गमतीचं आहे. पडद्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण. एका रंगाच्या कणांवर धन विद्युतभार, दुसऱ्यांवर ऋण. विजेचा इशारा मिळाला की हवे ते कण वर येतात आणि वर आले की तिथेच ठाण मांडतात. म्हणजे वीज खर्च होते ती पान बदलताना. एकच पान समोर धरून बसायला काही लागत नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये हे तंत्र जन्मलं आणि 1997 मध्ये त्याची ई-इंक नावाची कंपनी झाली. माझ्या पाटीला आठवडेच्या आठवडे चार्जिंग लागत नाही. ‘बॅटरी काय जबरदस्त आहे बघा,’ असं मुलगा पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. वीज पान उलटल्यावरच जाते, हे मी त्याला अजून समजावून सांगितलेलं नाही.

पाटीला स्वतःचा ईमेल पत्ता आहे. पेपर जोडायचा, पाठवायचा, की थोड्या वेळात तो पाटीवर. वेबवरच्या लेखासाठी ब्राउझरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की जाहिराती, हलणारी चित्रं, ‘हेही वाचा’ सगळं गळून पडतं आणि निव्वळ मजकूर रवाना होतो. बटण दाबल्यावर जे समाधान मिळतं त्याला तोड नाही. एक विद्वान मार्गी लागला, आता पुढचा. नंतर वाचायचे लेख साठवणारी पॉकेट नावाची एक सेवा होती. 2007 मध्ये निघाली तेव्हा तिचं नाव रोखठोक ‘रीड इट लेटर’ असं होतं. 8 जुलै 2025 रोजी ती बंद झाली. जगभर लोक हळहळले. कर्जमाफी झालेल्या माणसाला कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. आणि कर्जमाफीनंतर माणूस जे करतो तेच मीही केलं : दुसरीकडे नवं खातं उघडलं.

वेबवरचे लेख तसे गुणी. घोळ घालतात ते शोधनिबंध, कारण ते पीडीएफमध्ये असतात. ॲडोबीनं 1993 मध्ये पीडीएफ आणलं ते पान कुठेही उघडलं तरी हुबेहूब तसंच दिसावं म्हणून. ते व्रत पीडीएफ कसोशीनं पाळतं. ए-फोर आकाराचं पान सहा इंची पडद्यावरही तसंच्या तसं दिसतं. वाचता येत नाही, एवढंच. मग त्याचं रूपांतर करायचं, म्हणजे अक्षरं मोठी होऊन मजकूर पडद्यात मावेल अशी बेगमी करायची. पण मुळात पुष्कळशा पीडीएफना परिच्छेद म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. कुठलं अक्षर पानावर नेमकं कुठे ठेवायचं, इतकीच त्यांची समज. त्यातून पेपर दोन रकान्यांचा असला की डाव्या रकान्याची ओळ उजव्या रकान्याचा हात धरून निघून जाते. एका निबंधातून मला हे ज्ञान मिळालं : ‘बचत गटातील महिलांचे सरासरी वय दरसाल 24 टक्के व्याजाने वाढत असून सासूच्या संमतीने ते मुदतीपूर्वी फेडता येते.’ मी हे सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘यात नवीन काय सांगितलंय?’

यावर कॅलिबर नावाचा उतारा आहे. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कुठल्याही फाइलचं कशातही रूपांतर करू पाहतं. समास किती, ओळींत अंतर किती, दर पानावरचं नियतकालिकाचं नाव कसं गाळायचं, सगळं आपल्या हाती. बारा पानी निबंधाचे समास मी एकदा जेवणानंतर नीट करायला बसलो ते दूधवाला येईपर्यंत. समास मात्र असे देखणे झाले की, आत मजकूर नसता तरी चाललं असतं.

मराठी निबंधांची तऱ्हा आणखी वेगळी. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला की आकार गेले, आणि आतलं रोमन उघडं पडलं. तीस वर्षांपूर्वीचा सहकारावरचा एक मराठी लेख माझ्या पाटीवर अवतरला तो एखाद्या अनोळखी देशाच्या गुप्तहेर खात्याचा संदेश वाटावा असा. सहकार क्षेत्राबद्दल असल्यामुळे मी जरा दचकलोच.

पाटीवर कुणीही काहीही पाठवू शकत नाही. आपण मंजूर केलेल्या पत्त्यांवरूनच फाइल येते. मंजूर यादीत सौ.चा पत्ताही आहे. मी फोन उचलत नाही, पण पाटी सोडत नाही, हे तिनं हेरलं. त्यामुळे ‘सूक्ष्म वित्त : एक चिकित्सक आढावा’ आणि ‘ग्रामीण पतपुरवठ्याची सैद्धांतिक चौकट’ यांच्यामध्ये ‘येताना कोथिंबीर’ अशी फाइल दिसते. प्रत्येक फाइलखाली किती टक्के वाचन झालं तो आकडा पाटी दाखवते. आढावा 3 टक्के. चौकट 1 टक्का. कोथिंबीर 100 टक्के.

आमचे गाईड जुन्या वळणाचे. दर भेटीत विचारायचे, ‘तो पेपर वाचलात का?’

‘पाठवलाय सर.’

‘कुणाला?’

‘पाटीला.’

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग पाटी मागून घेतली, उलटसुलट केली, किंमत विचारली. पुढच्या महिन्यात त्यांच्या टेबलावर तशीच एक पाटी होती, वर चामड्याचं कव्हर. मी तिसरं प्रकरण ईमेल केलं होतं. भीतभीत विचारलं, ‘सर, प्रकरण मिळालं ना?’

‘मिळालं की! लगेच पाटीवर पाठवून दिलं.’

पुढे काही विचारायची सोयच राहिली नाही. घरी येऊन मी तेच प्रकरण सरांच्या पडद्याच्या मापानं नव्यानं बांधलं. पान छोटं, अक्षर मोठं, तक्ते आडवे होते ते उभे. मजकुरात एका शब्दाचाही फरक केला नाही. चाळीस पानांचं प्रकरण एकशे सत्तर पानांचं झालं. ते पुन्हा पाठवलं. दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन आला. म्हणाले, ‘आत्ता कुठे जरा भरीव झालंय बघा. चौथंही असंच करा.’