ठमाकाकूंचं जॉब कार्ड

ॲन आर्बर, मिशिगन
फेब्रुवारीअखेर

ती. बाबा,



व्हिडिओवर बॉनेट दाखवायला लागले की तुम्ही फोन आईकडे देता आणि आई मला विचारते, ‘जेवलीस का?’ मिरज डेपोच्या वर्कशॉपात उभा जन्म गेलेल्या माणसाला फोनवरून गाडी दाखवू नये, हे आता कळलं. तुमचा हुकूम होता की लिहून पाठव : काय झालं, गाडी थंड असताना झालं की तापल्यावर, आणि हात लावायच्या आधी काय पाहिलं. तर हे घ्या जॉब कार्ड. चष्मा लावूनच वाचा.

गाडी तीच. 2003 ची, लहान, जपानी, चार सिलिंडरची. 1 लाख 90 हजार मैल झालेत, म्हणजे आपल्या हिशेबात तीन लाख किलोमीटरच्या वर. पोरं तिला ठमाकाकू म्हणतात. कागदोपत्री रंग चंदेरी आहे, पण चाकांच्या वरच्या कमानीला गंजाने कशिदा काढलाय. तो गंज का, हे तुम्ही विचारणारच. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि डेट्रॉईट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे. लोकांच्या डोक्यावर कर्ज असतं, इथे पायाखाली मीठ आहे, तेव्हा हात आखडता घेण्याचं कारण नाही. त्यात मिशिगनमध्ये मोटारीची वार्षिक तपासणी नावाची भानगड नाही. गाडी कधी मोडीत काढायची हे सरकार ठरवत नाही, मालकाला वाटणारी लाज ठरवते. आम्हाला अजून वाटलेली नाही.

पहिली तक्रार जानेवारीतली. पारा उणे 20 वर, शाळेची वेळ, किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’. तुमचे जावई म्हणाले, बॅटरी गेली, नवीन आणतो. एक पाय बुटात घालून तयारही झाले. मी म्हटलं, थांबा. एकच ‘टक्’ आणि ‘टकटकटकटक’ यांत फरक असतो असं बाबा सांगतात. भराभर टकटक झालं तर बहुतेक बॅटरीत जोर नाही. एकच टक् झालं तर स्टार्टर तरी, नाहीतर वाटेत कुठेतरी करंट अडलाय. मल्टिमीटर लावला. बॅटरीवर 12.5 व्होल्ट, म्हणजे म्हातारी ठणठणीत. मग तुमची ती युक्ती केली : मीटरची एक काडी बॅटरीच्या खांबावर, दुसरी त्याच खांबावर आवळलेल्या क्लॅम्पवर, आणि जावयांना किल्ली फिरवायला सांगितली. दोन्ही जागा एकमेकींना चिकटलेल्या, तेव्हा मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. दाखवले दोन व्होल्टच्या वर! इतका दाब एका नखाएवढ्या फटीत खर्ची पडत होता. क्लॅम्प उचकटला तर आत पांढरा-हिरवा भुगा.

गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासला. आधी निगेटिव्ह काढली, शेवटी निगेटिव्ह लावली, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. हे सगळं तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण जॉब कार्डावर यायला हवं. सोडा संपल्यामुळे त्या रविवारी ढोकळा बसला तो बसलाच, ठमाकाकू मात्र उठल्या. जावई अजून म्हणतात की नवीन बॅटरीनेसुद्धा झालं असतं. झालं असतं, कारण नवीन बसवताना क्लॅम्प घासलाच असता, आणि मग आयुष्यभर सगळ्यांना सांगत सुटले असते की बॅटरी गेली होती.

आता मोठी केस.

इथे 1996 पासून विकलेल्या प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात हाताएवढं यंत्र खुपसलं की गाडी आपल्या तोंडाने कोड सांगते. तुमचे जावई सॉफ्टवेअरवाले. त्यांना त्या यंत्राचा इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या धडधाकट गाड्यांचेही कोड बघून आले. तर काकूंचा पिवळा दिवा लागला. नुसता लागला असता तर सावकाश बघता आलं असतं, पण तो लुकलुकायला लागला, आणि चढावर गाडी उचक्या द्यायला लागली. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जातंय, आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खलास होऊ शकतो. तो कन्व्हर्टर काकूंच्या उरलेल्या सगळ्या अंगापेक्षा महाग आहे. म्हणून गाडी तिथेच उभी केली.

कोड आला पी 0303. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं, पुढचा 3 म्हणजे इग्निशन, आणि शेवटचा 3 म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. जावयांनी तासाभरात चार इग्निशन कॉइल, चार प्लग, चार इंजेक्टर अशी ऑनलाइन टोपली भरून ठेवली. एका गॅरेजवाल्याने तर फोनवरच, गाडी न बघता, इंजिन उघडावं लागेल म्हणून सांगितलं. मला तुमच्या डेपोतली लॉगशीट आठवली. ड्रायव्हर त्यावर ‘गाडी ओढत नाही’ लिहून घरी जायचे आणि तुम्ही म्हणायचात, ही तक्रार झाली, रोग आपण शोधायचा. हा कोड म्हणजे तीच लॉगशीट, फक्त अक्षर सुवाच्य.

म्हणून टोपली तशीच ठेवायला लावली आणि एक छदामही न लागणारी परीक्षा घेतली. तीन नंबरची कॉइल एक नंबरला, एकची तीनला. कॉइल खराब असती तर रोग तिच्याबरोबर चालत एक नंबरला गेला असता आणि कोड 0301 झाला असता. गाडी जरा चालवली, पुन्हा यंत्र लावलं. 0303. एक नंबर मुकाट्याने काम करतोय, बिचारी कॉइल निर्दोष. जावयांनी टोपलीतून चार कॉइल काढून टाकल्या. चेहरा असा की पगारवाढ नाकारली.

खरं तर कॉइल उपसतानाच संशय आला होता. तीन नंबरच्या कॉइलचं रबरी टोक तेलाने निथळत होतं, बाकी तिन्ही कोरडी. प्लगच्या विहिरीत इंजिन ऑइल आलं कुठून? वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या आत विहिरींभोवती रबराच्या गोल सील असतात. वीस वर्षं तापून-निवून त्यांचं लाकूड होतं आणि तेल आत झिरपतं. प्लग काढला, तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. ठिणगी खाली टोकाशी पडायची सोडून त्या रेघेवरून बाजूच्या बाजूने पळून जात होती. बाबा, ती रेघ दिसली तेव्हा मी बर्फात उभी राहून ओरडले. धाकटीला वाटलं, बोट सापडलं.

इलाज : सीलसकट व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, आणि चार प्लग. प्लग चारही, कारण तेवढ्यासाठी परत बर्फात कोण उभं राहणार. कव्हरचे बोल्ट सगळे दहाचे. अन् इथे या घरातलं जुनं दुखणं. दहाचा सॉकेट जागेवर नाही. बाराचा आहे, चौदाचा आहे, ज्याचा या गाडीत काही उपयोग नाही असा अकराचा अगदी नवा कोरा आहे. दहाचा हा एकच असा सॉकेट आहे जो ठेवलेल्या ठिकाणी कधी नसतो. शेवटी शेजारच्या आजोबांकडे गेले.

हे आजोबा डेट्रॉईटकडच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झालेत. फोर्डने 1913 साली हायलंड पार्कला सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडायला सुरुवात केली तो सगळा पराक्रम ते स्वतः हजर असल्यासारखा सांगतात. आमच्या गाडीकडे ते सहसा बघत नाहीत. बघावंच लागलं तर ‘ती’ म्हणतात. पण दहाचा सॉकेट मागितला तर आपला टॉर्क पानाही घेऊन आले आणि जावयांच्या मागे उभे राहिले. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, नागमोडी क्रमाने, आणि अगदी हलक्या हाताने आवळायचे असतात. साधारण 10 न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. तुमच्या जावयांना बोल्ट ‘अजून एक वेढा’ आवळल्याशिवाय झोप येत नाही. टॉर्क पान्याने ‘कट्’ केलं की आजोबा म्हणायचे ‘स्टॉप’, आणि हे थांबायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे जमलेलं नाही.

विहिरीतलं तेल फडक्याने टिपून घेतलं होतं, तरी थोडं आत गेलंच असणार. गाडी सुरू केली आणि सायलेन्सरमधून निळा धूर इतका निघाला की समोरच्या घरातल्या बाई फोन हातात घेऊन दारात आल्या. मिनिटभरात धूर विरला, इंजिन शिलाई मशीनसारखं चालू लागलं. आजोबांनी बॉनेटवर एक थाप मारली, आणि कुणी बघितलं नाही ना, हे पाहून घरी गेले.

किरकोळ तक्रारींत वेळ घालवत नाही. पिवळा दिवा आणखी एकदा लागला तेव्हा कोड होता पेट्रोलच्या वाफा गळण्याचा. पेट्रोल टाकीचं टोपण थोरल्याने अर्धंच फिरवलं होतं. टोपण टिकटिक वाजेपर्यंत फिरवलं, दिवा लगेच विझला नाही, चार दिवस स्वतःची खात्री करून घेऊन मग विझला. खालून येणारा खडखडाट म्हणजे सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा बोल्ट गंजून गेलेला. तिथे पाइपाला आवळतात ती स्टीलची पट्टी गुंडाळली, दोन डॉलर. त्याआधी जावयांनी गंजलेला शेजारचा बोल्ट जोर लावून तोडला. तुम्ही सांगता तसं तेल मारून रात्रभर ठेवलं असतं, वरून हलके ठोके दिले असते, तर सुटला असता. पण त्यांची शनिवारची मीटिंग होती.

हीटरचा पंखा मात्र सांगण्यासारखा. 1, 2, 3 वर बंद, 4 वर वादळ. म्हणजे थंडीत एकतर कुडकुडा, नाहीतर आपसात ओरडून बोला. जावयांचं निदान : मोटर गेली. अहो, मोटर गेली तर चारवर कोण फिरतंय? बटणाचा 1, 2, 3 चा करंट एका रेझिस्टरमधून जातो, कमीजास्त अडवला जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. 4 चा करंट त्याला बगल देऊन थेट जातो. रेझिस्टर जळला की फक्त चार उरतो. तो डॅशबोर्डाच्या कप्प्यामागे, दोन स्क्रूवर असतो.

नवीन वीस-पंचवीस डॉलरचा होता, पण जावयांना भंगारयार्डात जायचं होतं. इथे मोडीच्या गाड्या मैदानात ओळीने उभ्या असतात, फाटकावर दोन डॉलर द्यायचे, आपले पाने घेऊन जायचं, हवा तो भाग आपण सोडवायचा आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. बर्फात पालथी घातली सगळी रांग. काकूंची जुळी बहीण सापडली, मागून चेपलेली, पुढून शाबूत. तिच्या पुढच्या सीटवर लहान मुलाचा एक हातमोजा होता, तो तसाच ठेवला. रेझिस्टर पाच डॉलरला मिळाला. शिवाय जावयांनी दाराचं हँडल, आरशाची काच, दोन व्हील कॅप आणि एक सिगरेट लायटर आणला. घरात कुणी सिगरेट ओढत नाही.

आईला सांगा, काळजी करू नको. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आम्ही कुणी खाली जात नाही. लोखंडी स्टँड आहेत, चाकांना ओंडके लावतो, आणि धाकटीला तेव्हा घरात पाठवतो. ती खिडकीतून जॉब कार्डावर चित्रं काढते.

आता एक तक्रार मुद्दाम राखून ठेवली आहे. गाडी अर्धा तास चालवली तरी तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढत नाही, हीटरची हवा कोमट, आणि पेट्रोल जास्त पितेय. माझ्या मते थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतंय, इंजिनला अंग तापवायला सवडच मिळत नाही. जावई म्हणतात, सेन्सर. जूनमध्ये तुम्ही आलात की वरचा होज हाताने चाचपून निकाल द्या. इंजिन थंड असताना सुरू करायचं, आणि होज लगेच कोमट व्हायला लागला तर मी जिंकले. आजोबांनाही बोलावून ठेवते. त्यांना इंग्रजीखेरीज येत नाही आणि तुम्हाला त्यांची इंग्रजी कळणार नाही, पण बॉनेट उघडं असेल.

येताना गोडा मसाला, मेतकूट नेहमीसारखं. तुमची पान्यांची पेटी आणणारच असाल तर चेक-इनच्या सामानात घाला, हातातल्या पिशवीत नको. विमानतळावर काढून घेतील. सगळी पेटी नाही आणली तरी चालेल. दहाचे रिंग पाने मात्र चार आणा. जावयांना तीनच सांगा.

तुमची,
लेक