अँटिक लूक

पुण्याच्या पेठेतला वाडा दुरुस्त करायचा, तर तो पुरेसा जुना दिसत नाही हे आधी मान्य करावं लागतं. मग डिझायनर येतो. सागवानी खांबांवरचा ऑइलपेंट खरवडतो, हे ठीकच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तेव्हापासून मालकाने केलेला खर्च काय तो त्या ऑइलपेंटचा. पण पुढे कोऱ्या दारांना सँडपेपर मारून झिजवतात आणि खरोखर झिजलेला उंबरा उखडून भंगारात घालतात. त्याला रोबो व्हॅक्युम अडतो ना!

भिंतींची तर गंमतच. विटा-मातीच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा असे. त्यात गूळ, मेथी, उडीद असला ऐवज पडायचा. भिंत आपल्यापेक्षा बरं खायची. मुख्य म्हणजे चुन्यातून ओल बाहेर पडते. आता वर सिमेंट थापतात. ओल आत कोंडते, मिठाचे पांढरे फुलोरे येतात, पोपडे सुटतात. डिझायनर शांतपणे म्हणतो, "राहू द्या काका, याला डिस्ट्रेस्ड फिनिश म्हणतात." त्याचं बिल वेगळं.

माळ्यावरचं घंगाळ आजी गेल्यावर मोडीत निघालेलं असतं. मग मुंबईच्या चोर बाजारातून दुसऱ्याच्या आजीचं आणायचं आणि त्यात मनी प्लांट लावायचा. दिव्यांची गोल काळी बटणं, फुलांच्या सिमेंट टाइल्स, सगळं अस्सल जुन्या धाटणीचं हवं.

चौकातल्या सामाईक संडासाची व्हिंटेज आवृत्ती मात्र अजून कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही.